पक्क्या रंगाचा कोंबडा

दुपारी सगळं घर गप्प असताना ओटीवर वरवंटा गडगडला. शेवंती मोरीतून हात पुसत बाहेर आली. कोंबड्यावर पालथं घातलेलं डालगं उताणं पडलं होतं, त्याच्यावरचा वरवंटा उंबऱ्याशी पोचला होता आणि कोंबडा कुठेच नव्हता. बाजूला पाच वर्षांची रंभा मुठीत तांदूळ घेऊन उभी होती.

"मी त्याला जेवायला देत होते," ती म्हणाली. "तो हात धुवायला गेला."

आत निजलेल्या हौसाबाईंनी कूस बदलली. "कं पडलं गो?"

"वरवंटा, आत्या."

"कुनाच्या पायावर?"

"नाही कुणाच्या."

"मंग निजू दे," म्हणून सासूबाईंनी पुन्हा सूर लावला.

कोंबडा साधा असता तर शेवंतीही निजली असती. कोलशेतच्या खाडीकाठची रंगाची कंपनी बंद पडून तिसरं वर्ष लागलं होतं. शेवंतीचा नवरा सहदेव तिथे रंगाच्या टाकीवर होता. नवस फेडायचा तो काम झाल्यावर, ही जगाची रीत. पण वकील, पुढारी आणि साहेब लोक यांच्यापैकी कुणीच आधी हातावर काही पडल्याशिवाय हलत नाही, हे हौसाबाईंनी पाहिलं होतं. पडल्यावरही हललं नव्हतं, हा भाग वेगळा. तेव्हा गावदेवीला तरी का ताटकळत ठेवा, म्हणून कंपनी उघडण्यासाठीचा कोंबडा त्यांनी आगाऊ द्यायचं ठरवलं. लाल अंगाचा, काळ्या शेपटीचा कोंबडा निवडला, त्याच्या तुऱ्याला कुंकू लावलं आणि देवीला तसं सांगून टाकलं. एकदा सांगितलेला कोंबडा बदलता येत नाही. लाल तुऱ्यावरचं लाल कुंकू देवीशिवाय कुणालाच दिसणार नाही, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

उद्या सकाळी गावदेवीच्या जत्रेत तो द्यायचा होता. रंभाने त्याचं नाव साहेब ठेवलं होतं, कारण तो दिवसभर काही न करता ऐटीत इकडून तिकडे फिरायचा.

शेवंतीने रंभाला कडेवर घेतलं, तास-दीड तास आळीतले ओटे आणि परडी धुंडाळली, आणि मग कोंबड्याच्या पायांच्या ठशांमागून निघाली. ओहोटी होती. ठसे ओल्या चिखलातून कंपनीच्या जुन्या धक्क्याकडे गेले होते. एके काळी या धक्क्याला माल भरलेले पडाव लागायचे. आता नुसते खेकडे लागत होते, आणि तेही आडवे चालून निघून जात होते. धक्क्यामागच्या भिंतीला बैल जाईल एवढं भगदाड होतं. पुढच्या गेटला मात्र तीन कुलपं आणि लाखेचं सील होतं. चोरांनी निदान गेटमधून येऊ नये, अशी चोख व्यवस्था होती.

लग्न होऊन आल्यापासून शेवंतीने कंपनी ऐकली होती, हुंगली होती, नवऱ्याच्या कपड्यांतून धुतली होती. पाहिली कधीच नव्हती. गोदामावर छप्पर नव्हतं. ते कुठे गेलं हे तिला ठाऊक होतं, त्यातले दोन पत्रे तिच्याच मोरीवर होते. बॉयलरच्या दारात पिंपळ उगवला होता आणि 'परवानगीशिवाय आत येऊ नये' ही पाटी त्याने अर्धी गिळली होती.

"साहेब," रंभाने हाक मारली. "ओ साहेब."

पोकळ इमारतीत हाक घुमली आणि विरली. पूर्वी कामगारही इथेच असं ओरडत असत आणि त्यांनाही इतकंच उत्तर मिळत असे.

पुढच्या लांबलचक खोलीत रंगाच्या टाक्या होत्या, सगळ्या गंजून पोपडे धरलेल्या. एक तेवढी लखलखीत होती. तिच्या नळावर एक फडकं घडी घालून वाळत घातलं होतं. शेवंतीने ते हातात घेऊन पाहिलं. तिच्याच जुन्या लुगड्याचं होतं. सहदेव रोज सकाळी कंपनीचे निळे कपडे चढवून, डबा घेऊन ठाण्याला 'मीटिंगला' जायचा. गडी मीटिंगहून आला की हात तेलकट कसे, हा प्रश्न तिला अनेकदा पडला होता आणि तिने तो अनेकदा गिळला होता. तिने फडक्याची पुन्हा तशीच घडी घातली.

तेवढ्यात मसाल्याचा वास आला.

कँटीनच्या बाकांवर निळ्या कपड्यांतले चौघे जण पंगतीला बसले होते. मध्ये डबे उघडे होते, आणि विटांच्या चुलीवर पातेलं होतं. दाराशी लाल पिसांचा ढीग होता, वर काळी शेपटी नीट ठेवलेली.

"शेवंती," सहदेव हातातला घास तसाच धरून म्हणाला, "तू हितं कशी?"

"मी कोंबडा शोधत्ये. तुमची मीटिंग संपली?"

सगळे पातेल्याकडे बघू लागले. सहदेवचा दोस्त भिवाजी घसा साफ करून म्हणाला, "वहिनी, कंपनीच्या हद्दीत सापडला. आम्हाला वाटलं कंपनीचाच माल."

"तो देवीचा होता. कंपनी उघडावी म्हणून आत्यांनी बोललेला."

सहदेवने हातातला घास डब्यात परत ठेवला. "आयेचा? भिवा, तू बोललास रानटी हाय."

"रानटीच वागत होता. मॅनेजरच्या केबिनमधे खुर्चीवर जाऊन बसलेला. मी म्हटलं, एवढी वर्षं सोसलं, आता नाय सोसायचं."

"तुम्हाला आपला कोंबडा ओळखू येत नाही?" शेवंतीने नवऱ्याला विचारलं.

"मी टाकी पुसत होतो. येऊन बघतो तर ह्यानं सोलून ठेवलेला. सोलल्यावर सगळे सारखेच दिसतात गं."

रंभा पिसांपाशी बसली होती. "साहेब परत येणार?" तिने विचारलं, आणि भिवाजीने पातेल्यावर झाकण ठेवलं.

शेवंतीला चिडायचं होतं, पण पुसलेली टाकी डोळ्यांपुढून हलत नव्हती. "हे रोज चालतं?" तिने हळू विचारलं.

"घरी बसवत नाय," सहदेव म्हणाला. "हितं आलं की वेळेवर भूक लागते."

"आत्यांना कळलं तर त्या हाय खातील. त्यांना वाटेल, आता कंपनी जन्मात उघडत नाही."

तेव्हा भिवाजीने तोड काढली. गावातले सगळे कोंबडे जत्रेसाठी आधीच कुणाकुणाच्या नावावर लागलेले होते, म्हणून तो सायकलवर कापूरबावडीला जाऊन चिकनवाल्याकडून एक पांढराशुभ्र ब्रॉयलर घेऊन आला. बाकीची सोय कंपनीत होतीच. दुसऱ्या एका टाकीच्या तळाशी लाल रंगाचा गाळ होता, शेपटीसाठी धुराड्याची काजळी होती. कंपनी बंद पडल्यापासून पहिल्यांदाच खात्यात खरं काम निघालं. सहदेवने बाह्या सारून कोंबडा इतक्या निगुतीने रंगवला की, साहेब लोकांनी पाहिला असता तर पगार वाढवला नसता, पण मान नक्की डोलावली असती.

"धुतल्यावर रंग जाईल?" शेवंतीने विचारलं.

"कंपनीचा रंग हाय," सहदेव दुखावून म्हणाला. "पक्का."

सकाळी गावदेवीपुढे गर्दी जमली. रीत अशी की कोंबड्यावर पाणी घालायचं, त्याने अंग झाडलं की देवीने तो घेतला. नाही झाडलं तर देवी रुसली. हौसाबाईंनी पाणी घातलं. रंग गेला नाही. सहदेवने अभिमानाने बायकोकडे पाहिलं. पण कोंबडाही हलला नाही. ब्रॉयलरच तो, जन्मापासून त्याला हलायचं काही कारणच मिळालं नव्हतं.

"जाडा झाला गो हा एका रात्रीत," शेजारची आवडाबाई म्हणाली.

"देवीची किरपा," हौसाबाई म्हणाल्या आणि पुन्हा पाणी घातलं. कोंबड्याने डोळे मिटले. लोक कुजबुजू लागले. "आये, माझा पोर कामाला लागू दे गो," हौसाबाई पुटपुटल्या आणि त्यांनी अख्खी कळशी त्याच्यावर उपडी केली.

त्या गारठ्याने कोंबडा खडबडून जागा झाला आणि त्याने असं अंग झाडलं की लाल थेंब चौफेर उडाले. कंपनी बंद का पडली असावी, हे तेव्हा तरी गावाला कळायला हवं होतं. पण हौसाबाईंच्या कपाळावर, आवडाबाईच्या पांढऱ्या केसांवर लाल ठिपके पाहून सगळ्यांनी हात जोडले.

"आयेनं कुंकू उडवलं," हौसाबाई रडत म्हणाल्या. कोंबडा गुलाबी पडायच्या आत सहदेवने तो उचलून मागे नेला.

आणि आठवडा उलटायच्या आत कंपनीचं गेट खरंच उघडलं.

हौसाबाईंनी गेटवर नारळ फोडला. मागून लोखंड कापणाऱ्यांचे ट्रक आत सरकले. मालकाने जागा इमारती बांधणाऱ्याला विकली होती आणि यंत्रं भंगारवाल्याला. यंत्रं सोडवायला ती ओळखणारी माणसं हवी होती, म्हणून निळ्या कपड्यांतल्या चौघांना त्याच दिवशी कामावर घेतलं. यंत्रं संपेपर्यंत.

संध्याकाळी सहदेव डबा घेऊन घरी आला. हात तेलकट होते, आणि आज कुणाची चोरी नव्हती.

"ऐकलं का नाय देवीनं?" हौसाबाईंनी लेकाची अलाबला घेतली. "आज कोनत्या कामावर घातलं रे?"

"माझ्याच टाकीवर," तो म्हणाला आणि मोरीत जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिला.

शेवंतीने भाकरी थापायला घेतली. रंभा तिच्या मांडीला टेकून बसली होती. मोरीतलं पाणी वाजायचं थांबलं, तशी ती आईच्या कानाशी आली, आजीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू.

"आई, आपण देवीला खोटा कोंबडा दिला, म्हणून तिने आपली कंपनी खोटी-खोटी उघडली का?"