तिसरा लाल ठिपका

"माझ्या गावातून एकही लाल ठिपका येणार नाही, सर."

वाघळखेडे उपकेंद्राच्या आरोग्य अधिकारी नूतनने सोमवारी बोदवडच्या बैठकीत उभं राहून हे सांगितलं आणि ती खाली बसली. तिला कुणी काही विचारलेलं नव्हतं.

पण तिच्या जागी तुम्ही असता तरी बोलला असता. कंत्राट महिनाअखेर संपत होतं. धुळ्याला आईने "आमची नूतन आता कायमचीच" असं तिथल्या अर्ध्या देवपूर वस्तीला सांगून ठेवलं होतं. आणि तालुक्यात नवं रक्तदाबाचं यंत्र आलं होतं. त्याच्या पोटात सिमकार्ड. रुग्णाने घरी पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, आकडा थेट जळगावच्या भिंतीवरच्या पडद्यावर. दाब बरा असला तर हिरवा ठिपका, वाढला तर पिवळा, फारच वाढला तर लाल. एका दिवसात एकाच रुग्णाचे दोन लाल आले की रुग्णवाहिका आपोआप निघणार. तिसरा आला की आरोग्य अधिकाऱ्याची फाइल चौकशीला जळगावला.

गावाला यंत्र एकच. नूतनने रुग्ण निवडला तो बेबाबाई. वय चौसष्ट, गोळी कधी चुकवत नाही, सरकारी माणसाचं ऐकते. तिचा मोठा गुण हा शेवटचाच.

"अक्का, रोज सकाळी एकदाच पट्टा बांधायचा. तेव्हा हलायचं नाही, बोलायचं नाही."

"आन मंग बाकी दिवसभर?"

"बाकी दिवसभर नुसतं ठेवून द्यायचं."

बेबाबाईने यंत्राकडे असं पाहिलं, जसं आयतं बसून खाणाऱ्या जावयाकडे पाहावं.

*

मंगळवार, सकाळी ८.०५. बेबाबाई. ११६/७६. हिरवा.

बुधवार, सकाळी ८.०२. बेबाबाई. ११४/७४. हिरवा.

नूतनने दोन्ही ठिपक्यांचे फोटो तालुका अधिकारी डॉक्टर हितेंद्रांना पाठवले. मग आईला पाठवले. आईने ते देवपुरात फिरवले.

चौसष्ट वर्षांच्या, बारा वर्षं रक्तदाबाच्या गोळ्या खाणाऱ्या बाईचा दाब एकदम कॉलेजातल्या पोरीसारखा कसा झाला, हे नूतनला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण हिरव्या रंगावर संशय कोण घेतं?

*

गुरुवार, सकाळी ९.१२. बेबाबाई. ९६/६०. पिवळा नाही, हिरवाही नाही. पडद्याने नुसतं प्रश्नचिन्ह दाखवलं.

९.१७. बेबाबाई. १४८/९२. पिवळा.

९.२१. बेबाबाई. १०८/७०. हिरवा.

९.२६. बेबाबाई. १८४/११२.

लाल.

नूतन तेव्हा आठ किलोमीटरवरच्या शाळेत पोरांची वजनं करत होती. काट्यावरच्या पोराला तिने काट्यावरच सोडलं आणि बेबाबाईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. मग तिच्या नवऱ्याला, झिपरू आबांना लावला. ते केळीच्या बागेत होते, मागून पाण्याचा आवाज येत होता.

"आबा, अक्का कशा आहेत?"

"ती? सकायी तं चांगली व्हती."

माणूस गेल्यावर घरचे हेच वाक्य बोलतात. नूतनने नोकरीच्या चार वर्षांत ते कितीदा तरी ऐकलं होतं. पुढे आबा काय म्हणाले ते तिला ऐकूच गेलं नाही. ते केळीच्या घडांबद्दल बोलत होते.

९.३८. बेबाबाई. १८८/११४. लाल. रुग्णवाहिका रवाना.

आता गंमत बघा. शाळेच्या फाटकाशी स्कूटी सुरू होईना. नूतनने किक मारली, आणि खिशातला फोन वाजला. डॉक्टर हितेंद्र. आवाज अगदी शांत. ते शांत बोलायला लागले की तालुका घाबरतो.

ते म्हणाले की बावीस वर्षांच्या नोकरीत आपण असा रुग्ण पाहिला नाही. पंचवीस मिनिटांत दाब शहाण्णववर, मग एकशे चौऱ्याऐंशीवर, मधेच एकशे आठवर. नाडी एकदा बासष्ट, एकदा एकशे अठरा. मग म्हणाले,

"नूतन, तुम्ही यंत्र नक्की माणसालाच दिलंय ना?"

"हो, सर."

"मी येतोय."

स्कूटी सुरू झाली. आठ किलोमीटर नूतनने काय पाहिलं ते तिला आजही सांगता येत नाही. डोळ्यांपुढे एवढंच येत होतं: बेबाबाई जमिनीवर पडलेली आणि दंडावरचा पट्टा आपला आपणच फुगतोय. मग त्यात कंत्राट येत होतं. बेबाबाई मरतेय आणि आपल्याला कंत्राट आठवतंय, म्हणून तिला स्वतःची लाज वाटत होती. मग परत कंत्राट.

*

इकडे रुग्णवाहिका आधी पोचली होती. तिचा चालक रतिलाल स्ट्रेचर घेऊन जिना चढला. गच्चीवर गल्लीतल्या वीसेक बाया. चैत्र-वैशाखाचे दिवस, बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाट घातलेला. मोठ्या पातेल्यात ज्वारीचा घाटा रटरटत होता, दोन बाया तो हाटत होत्या, बाकीच्या ओल्या कापडावर बिबड्या थापत होत्या.

"बेबाबाई कोण?"

"मी."

"झोपा याच्यावर."

बेबाबाई झोपली. सरकारी माणसाने सांगितलं होतं.

नूतन धापा टाकत वर पोचली तेव्हा तिला दिसलं ते एवढंच. स्ट्रेचरवर बेबाबाई, कोपरापर्यंत पांढरेफटक हात पोटावर ठेवलेले, आणि भोवती कोंडाळं करून उभ्या बाया.

"अक्का!"

बेबाबाईने डोळे उघडले. "मॅडम, मले काय झालं ते तुमी तरी सांगा. हे भाऊ सांगतच नाही."

नूतन तिथेच बसली. एक बिबडी तिच्याखाली गेली, पण तिला कुणी बोललं नाही.

"अक्का, यंत्र कुठंय?"

यंत्र गच्चीच्या कोपऱ्यात, शेवयांच्या यंत्राच्या शेजारी होतं. इथे सांगायला हवं की या गल्लीत शेवया करायचं यंत्र एकच आहे आणि ते बेबाबाईचं. दर उन्हाळ्यात ते घरोघर फिरतं. ज्या घरी जातं त्या घराने ते पुसून परत करायचं, सोबत ओंजळभर शेवया द्यायच्या. वस्तू दिवसभर रिकामी ठेवणारी बाई गल्लीत नांदू शकत नाही. तेव्हा आज सकाळपासून रक्तदाबाचं यंत्रही त्याच्याबरोबर निघालं होतं. पट्टा धुऊन दोरीवर वाळत घातलेला होता. यंत्राजवळ शेवयांच्या चार पुड्या होत्या.

"आणि तुम्ही स्वतः कधी लावलं?"

"मी कह्याले लावू?" बेबाबाई स्ट्रेचरवरूनच म्हणाली. "मले बीपी हाय ते मले बारा वर्सांपासून मालूम. ज्याले मालूम नाही त्यानं लावावं नं."



मंगळवार-बुधवारचे हिरवे ठिपके सून डिंपलचे निघाले. आजचे सगळे गल्लीचे. डिंपलने वहीत एकोणीस बायांची नावं लिहिली होती, आकडे आतापर्यंत चौघींपुढेच. दोन्ही लाल मात्र एकाच नावापुढे होते. दगडीबाई, वय पन्नास. घाटा हाटून झाल्यावर तिने लावलं, बारा मिनिटं सावलीत बसवून बायांनी परत लावलं, तर आकडा आणखी चढला.

तेवढ्यात डॉक्टर हितेंद्र आले. त्यांनी वही वाचली. मग दगडीबाईला हळूच विचारलं, डोकं दुखतं का. ती म्हणाली दोन वर्षांपासून दुखतं, पण डोकं काय, सगळ्यांचंच दुखतं.

त्यांनी बेबाबाईला स्ट्रेचरवरून उठवलं आणि दगडीबाईला बसवलं.

"माह्या बिबड्या कोन घालीन?" एवढंच तिने विचारलं. सगळ्या जणी मिळून घालतील असं ठरलं आणि ती जिना उतरली.

जाताना डॉक्टर नूतनला म्हणाले, "दोन लालचं मी सांभाळतो. बाई वाचली, तेव्हा कुणी बोलणार नाही. पण आज बेबाबाईंच्या नावावर तिसरा येऊ देऊ नका. तिसऱ्याला ती प्रणाली माझंही ऐकत नाही."

"नाही येणार, सर."

हे ती दुसऱ्यांदा बोलली. या वेळीही तिला कुणी विचारलं नव्हतं.

*

गाडी गेली. नूतन भिंतीला टेकली, डोळे मिटले. घाम, धाप, कानात घूं घूं. बेबाबाईने तिला पाणी दिलं, पदराने वारा घातला. वहीतल्या बाकीच्या मागाहून, आधी ही पोरगी, असं तिच्या मनात आलं असावं.

दंडाला काहीतरी ओलसर लागलं म्हणून नूतनने डोळे उघडले. पट्टा. धुतलेला, अजून नीट न वाळलेला. आणि फुगत चाललेला.

"अक्का, काढा! काढा ते!"

"हालाचं नाही," बेबाबाई म्हणाली. "बोलाचं नाही. तुमीच सांगेल हाय."

नूतन हलली नाही. तिने डोळ्यांनीच यंत्राला विनवलं. यंत्राने तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं.

१०.५१. बेबाबाई. १८२/११२. लाल.

तिच्याच खिशात तिचाच फोन वाजला.

*तिसरा लाल. फाइल जळगावला पाठवली आहे. आरोग्य अधिकाऱ्याने तात्काळ रुग्णाच्या घरी जावे.*

ती रुग्णाच्या घरीच होती. तिने "पोचले" दाबलं.

*रुग्ण भेटला का?*

हो.

*दाब वाढण्याचे कारण?* खाली चार पर्याय. गोळी चुकली. यंत्र बिघडले. रुग्ण घाबरला. इतर.

तिने प्रामाणिकपणे तिसरा निवडला.

*रुग्णासोबत फोटो काढा.*

तिने स्वतःचा काढला.

*नाकारला. फोटोत दोन चेहरे हवेत.*

मग बेबाबाई पांढऱ्या हातांनी तिच्या गळ्यात पडली आणि फोटो एकदाचा गेला.

*

फाइल गेली ती गेलीच. चार दिवस नूतनला जेवण गेलं नाही. पुढच्या सोमवारी बोदवडच्या बैठकीत जळगावचं पत्र आलं. डॉक्टर हितेंद्रांनी ते मोठ्याने वाचलं. तिसरा लाल ठिपका उमटल्यापासून आरोग्य अधिकारी रुग्णाच्या घरी पोचण्याची वेळ: एक मिनिट. जिल्ह्यात प्रथम. कंत्राट एक वर्ष वाढवण्याची शिफारस.

टाळ्या वाजल्या. मग सगळ्या खुर्च्या तिच्याकडे वळल्या. एवढ्या लवकर कसं जमवलं ते सांगा मॅडम, आमच्याही गावांत तसंच करू.

या वेळी मात्र सगळ्यांनी विचारलं होतं. नूतन उभी राहिली, आपली नवी रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली की नाही ते आठवून पाहिलं, आणि खाली बसली.