टेंभुर्णी स्पेशल, बिनापिनीचा

सालेहाने मोबाइल शिलाई मशीनच्या चाकाला टेकवून उभा केला आणि जाहीर करून टाकलं, "बघाच तुम्ही, आशाताई. आठ दिवसांत जिल्ह्यातल्या निम्म्या पोरींच्या डोक्यावर माझाच हिजाब असंल."

टेंभुर्णीत तेरा वर्षं ब्लाऊज आणि बुरखे शिवून सालेहाला एक गोष्ट कळली होती. हिजाबाला पिना लावायचा बायकांना भारी कंटाळा. पिन टोचते, कापडाला भोकं पडतात आणि ऐन वेळी नेमकी ती सापडत नाही. यावरचा इलाज भिंतीपलीकडे राहत होता. शेजारची आशाबाई कापूस वेचायला जाताना डोक्या-तोंडाला जी बांधणी बांधायची, ती सकाळी बांधली की सांजेपर्यंत जागची हलायची नाही. ऊन, धूळ, कपाशीच्या पऱ्हाटीचा पाला, कशालाच आत वाट नाही. तीच बांधणी जॉर्जेटमध्ये केली की झालं काम.

अडचण होती ती सासूबाईंची. सुगराबींनी आधीच बजावलं होतं, "अपने घर का चेहरा मोबाइल में नहीं जाएगा." म्हणून मग बांधून दाखवायला खुद्द आशाबाईच बसली.

"माझं तर नाकबी दिसत न्हाई," ती म्हणाली. "मला कोण वळखतंय?"

व्हिडिओत दिसले ते फक्त दोन डोळे आणि भराभर बांधणारे दोन हात. आशाबाई थेट डंकावरून तिखट कुटून आली होती, त्यामुळे डोळे लाल आणि काठोकाठ भरलेले. सालेहाने खाली लिहिलं, "पिन नको, टोचणं नको. टेंभुर्णी स्पेशल हिजाब." आणि दिला सोडून.

पहिल्या दिवशी तो सतरा जणांनी पाहिला, त्यातले अकरा माहेरचे. दुसऱ्या दिवशी चाळीस हजार झाले. आता कापडाचे तागेच मागवावे लागणार, या आनंदात सालेहा खालचं वाचायला बसली आणि तिच्या हातातला चहा तसाच गार होत गेला.

एकाने लिहिलं होतं, "डोळे बघा. ही बाई रडते आहे. हिच्यावर बळजबरी झाली आहे." दुसऱ्याने त्याला झापलं होतं, "ते भक्तीचे अश्रू आहेत, तुला काय कळणार." तिसऱ्याचं म्हणणं, एवढी झुळझुळीत फॅशन म्हणजे हिजाबच नव्हे. चौथी कुठली तरी प्राध्यापक होती. तिने ही बांधणी तुर्कस्तानातून आली असं छातीठोक सांगितलं होतं आणि त्यावर पाचव्याने मलेशियाचा दाखला देऊन भांडण उकरलं होतं. पऱ्हाटीचं नाव कुणीच घेतलं नव्हतं.

इथवर ठीक होतं. मग एका रिकामटेकड्याने लिहिलं, "हाताकडे बघा."

सालेहाने बघितलं. गाठ मारताना आशाबाईची बाही कोपरापर्यंत सरकली होती आणि हिरव्यागार गोंदणात, शाळेच्या फळ्यावर काढावं तशा सुबक अक्षरात नवऱ्याचं नाव दिसत होतं. आबाराव.

त्यानंतर धडाकाच लागला. गोंदण धर्मात बसतं का, यावर सत्तर जण भांडले. मग कुणी तरी विचारलं, हिजाबवालीच्या हातावर आबाराव कसा? पळवून नेली का? की तिनेच पळवला? "आबारावला न्याय द्या," असं लिहून एकाने हात जोडले होते.

सालेहाने घाईघाईने व्हिडिओ काढून टाकला. तोवर तिघांनी तो उचलला होता. एकाने त्याला रडकं संगीत लावलं होतं, दुसऱ्याने ढोल. आशाबाईचा तीस-बत्तीस वर्षांचा संसार आपल्या जॉर्जेटपायी मोडणार, या विचाराने तिला घास जाईना. भिंतीपलीकडून भांड्याचा आवाज आला तरी ती दचकायची. फोनवर आशाबाईचं नाव आलं की फोन उशीखाली.

चौथ्या दिवशी तिने ठरवलं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायच्या आत आपणच आबाभाऊंना सांगायचं. पोलीस आले तर काय बोलायचं, मौलवीसाहेबांना काय, सरपंचाला काय, आशाबाईच्या भावांना काय, सगळं तिने मशीनवर बसून पाठ केलं. गळ्यातली माप घ्यायची फीत काढायचीसुद्धा शुद्ध राहिली नाही. तशीच निघाली.

आबाराव ओट्यावर बसले होते. हातात मोबाइल होता आणि मोबाइलमधून ढोल वाजत होता.

"या भाभी, बसा," ते म्हणाले. "केदारखेड्याहून साडूनं धाडलंय हे. ही आमचीच मंडळी हाय ना?"

सालेहा बसली नाही. उभ्यानेच तिचं सगळं पाठांतर एका दमात बाहेर पडलं. "भाऊ, चूक माझी हाय. ताईचा काय बी दोष न्हाई. बळजबरी न्हाई, पळवापळवी न्हाई, धरमाचं तर कायच न्हाई. तुम्ही ताईला बोलू नका, मला बोला."

आबारावांनी ढोल बंद केला.

"बळजबरी?" ते म्हणाले. "हिच्यावर? भाभी, तीस वर्षं मी करून बघून राह्यलो. अजून जमली न्हाई. आन डोकं तर ती रोजच बांधती, त्याचं काय येवढं." मग त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "हे कवा काढलं?"

"मंगळवारी," सालेहाच्या जिवात जीव आला होता. "साडेअकराला, भाऊ. उजेड चांगला व्हता."

आशाबाई दारात येऊन थांबली होती. ती सालेहाकडे बघून जोरजोराने मान हलवत होती, पण उशीर झाला होता.

"मंगळवारी," आबाराव सावकाश म्हणाले, "ही तापानं फणफणली व्हती. गोधडीतून हात बाहेर निघंना हिचा. मी दिसभर येकल्यानं कापूस वेचला. सांजच्याला येऊन हिच्यासाठी कण्या शिजवल्या. वरून डोकं बी दाबलं."

आशाबाई दाराची कडी निरखू लागली. सालेहाने पाठ केलेलं सगळं आठवून पाहिलं. मौलवीसाहेबांचं होतं, सरपंचाचं होतं. तापाचं काहीच नव्हतं.

"ताप व्हता ना, भाऊ," ती शेवटी म्हणाली. "पर हिजाब बांधला आन... उतरला."

आबारावांनी तिच्याकडे बघितलं, मग बायकोकडे. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"गुणाचा कपडा दिसतोय," ते म्हणाले. "मंग मलाबी एक शिवा. उद्यापासून मला बी चार दिस ताप यायलाय. वेचणी ही बघंल."

सालेहाने खाली मान घातली, गळ्यातली फीत काढली आणि गुपचूप त्यांच्या डोक्याचं माप घेतलं.