लक्झेंबर्गच्या बुरुजावर बारसं

मराठी मंडळाचं अध्यक्षपद यंदा आपल्या खिशात, असं गुरुदत्तने अख्ख्या वेस्ट विंडसर गावाला सांगून ठेवलं होतं. का, तर तो ऑफिसच्या कामाला लक्झेंबर्गला गेला आणि तिथले मध्ययुगीन किल्ले बघून आला! एका वीकेंडमध्ये माणूस इतिहासकार होतो, हे त्याच्या बायकोला, सुनेत्राला, नवीनच होतं.

"स्लाइड शो संपला की शोभनाकाकू स्वतः माझं नाव सुचवतील, बघ."

शोभनाकाकूंनी मान हलवली की मंडळाचा अध्यक्ष ठरे. शोसुद्धा त्यांच्याच बेसमेंटमध्ये होता.

"आधी एकदा घरी चेक तरी कर," सुनेत्रा म्हणाली. फोटो लॅबमधून स्लाइड्स त्याच दुपारी धुऊन आल्या होत्या.

"तालीम कच्च्या लोकांना लागते," म्हणत गुरुदत्तने कोट चढवला.

बेसमेंटमधले दिवे मालवले. पडद्यावर पहिला किल्ला आला. खडकावर बुरूज, बुरुजावर ढग, आणि ढगात झिरमिळ्या लावलेला पाळणा.

सुनेत्राने आपल्या घरचा पाळणा ओळखला. कॅमेऱ्यातून अर्धवट रोल काढायचे, खणात टाकायचे आणि पुन्हा भरायचे, ही या माणसाची काटकसर. वापरलेला कुठला, कोरा कुठला, हे त्याचं त्यालाही कळत नसे. मुलीच्या बारशाच्या रोलवरच या शहाण्याने लक्झेंबर्ग काढलं होतं, आणि दोन्ही फोटो एकावर एक उमटले होते.

तेही चाललं असतं. पण काकू भरल्या बारशात बाळाचं नाव बदलायला लावतात, म्हणून गुरुदत्तने त्यांना बोलावलंच नव्हतं. वर फोनवर ठोकून दिलं होतं, "बारसं केलंच नाही काकू. थंडी केवढी! आईने पुण्याहून फोनवरच नाव ठेवलं."

"तटबंदीची जाडी बघा," पडद्याकडे पाठ करून गुरुदत्त म्हणाला.

तटबंदीवर मंडळातली वसुधा पैठणी नेसून घुगऱ्या वाटत होती.

"अरे, हा मी!" मागच्या खुर्चीवरून मंडळातला विवेक ओरडला. "खंदकात श्रीखंड खातोय!"

गुरुदत्तने वळून पाहिलं. दुसऱ्या कुणी तिथेच प्रोजेक्टर बंद केला असता. याने घाईघाईने पुढचं बटण दाबलं. दरवाजात राजेश आणि रत्ना. किल्ल्याच्या तळघरात शेजारच्या प्रिन्स्टन जंक्शनची सगळी मराठी मंडळी. लक्झेंबर्गच्या उमरावांनीही एका किल्ल्यात एवढी माणसं जेवू घातली नसतील.

"ते... तिकडचे लोकल लोक आहेत, काकू," गुरुदत्त म्हणाला.

सुनेत्राने डोळे मिटून घेतले. आपण याच माणसाशी लग्न केलं, आणि तेही पत्रिका बघून!

काकूंनी उठून दिवा लावला. आवाज अगदी गोड होता.

"छान झाला हो शो, गुरुदत्त. किल्ले बांधतातच मुळी नको ती माणसं बाहेर ठेवायला, नाही का?" मग त्या विवेककडे वळल्या. "विवेक, अध्यक्षपदाचं तू बघशील ना रे? श्रीखंड खाताना का होईना, खरं बोलतोस."