गोल्फच्या खेळपणाची चौकशी

माणूस ज्या गोष्टींची व्याख्या करायला जात नाही, त्या गोष्टी सुखाने चालू राहतात. उदाहरणार्थ संसार. उदाहरणार्थ खेळ. भांडुप पश्चिमेच्या 'ग्रीन मेडोज' सहकारी गृहनिर्माण संस्थेने (मेडो म्हणजे कुरण; संस्थेत एक तुळस आणि दोन शोभेची झाडं आहेत) यातल्या दुसऱ्या गोष्टीची व्याख्या करायचं ठरवलं आणि त्यासाठी रीतसर समिती नेमली. पहिल्या गोष्टीसाठी समिती नेमायला कोणी पुढे आलं नाही.

प्रश्न साधा होता. जुनी चाळ पाडून दोन इमारती उभ्या राहिल्या. मागची मूळ भाडेकरूंची, पुढची विकत घेणाऱ्यांची. दोन्हींच्या मध्ये चाळीच्या जुन्या अंगणाचा एक मोकळा चौकोन शिल्लक राहिला. तो बिल्डरच्या नजरेतून कसा सुटला याची हळहळ आजही व्यक्त होते (मुख्यतः बिल्डरकडून). करारात त्या चौकोनावर 'फक्त खेळासाठी' एवढंच लिहिलेलं. मागच्या इमारतीतलं वीर मारुती क्रीडा मंडळ म्हणालं, इथे चाळीच्या काळापासून कबड्डी आहे. पुढची इमारत म्हणाली, इथे हिरवा गालिचा अंथरून त्याला भोकं पाडू आणि गोल्फ आणू. दोघांना पुरेल एवढी जागा नव्हती. तेव्हा आधी गोल्फ हा मुळात खेळ आहे का, हे ठरवणं आलं.

अध्यक्षपदी सहदेवकाका घाडीगावकर यांची निवड झाली. काका एकेकाळचे नावाजलेले चढाईपटू. त्यांच्या नाकाचं हाड त्याच चौकोनात मोडलं होतं आणि लग्नाचा मांडवही तिथेच घातला होता. दोन्ही आठवणी ते सारख्याच प्रेमाने सांगत. त्या जागेवर त्यांचा जीव होता. ती गेली तर आपल्याला संध्याकाळी खाली उतरायला कारणच उरणार नाही, ही त्यांची खरी भीती होती, आणि ती त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

दुसरा सदस्य सुबोध परब. हा चाळीतलाच, काकांच्या हाताखाली कबड्डी शिकलेला. पुढे कंपनीत मोठ्या हुद्द्यावर चढला आणि पुढच्या इमारतीत गेला. आपले साहेब गोल्फ खेळतात हे कळल्या दिवसापासून त्याला गोल्फची उपजत आवड होती. तिसरी सदस्य अक्षता, फिजिओथेरपिस्ट. दोन्ही इमारतींच्या कंबरा तिच्याच हाताखालून जात असल्याने तिच्या निःपक्षपातीपणाबद्दल दुमत नव्हतं.

खेळ कशाला म्हणावं याचे निकष काकांनी स्वतः, एका बैठकीत, चहा गार व्हायच्या आत तयार केले. खेळणाऱ्याला घाम फुटला पाहिजे. निदान एकाला तरी मैदानातून उचलून न्यावं लागलं पाहिजे. आणि घरच्या बाईमाणसाने त्या खेळाच्या नावाने शंख केला पाहिजे. जगभरच्या क्रीडा संघटनांना जे एवढ्या परिषदा भरवून साधलेलं नाही, ते इथे तीन वाक्यांत आटोपलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी प्रत्यक्ष पाहणी झाली. सुबोध पांढरी टोपी, पांढरे बूट आणि एकाच हातात मोजा घालून आला (दुसऱ्या हाताचा मोजा हरवला नव्हता, गोल्फमध्ये एकच घालतात, हे समितीला समजावून सांगावं लागलं). त्याने चेंडू ठेवला. चेंडूकडे पाहिलं. लांब पाहिलं. पुन्हा चेंडूकडे पाहिलं. मागच्या इमारतीच्या गॅलऱ्यांमधून पाहणाऱ्यांपैकी दोघं मध्येच आत जाऊन नाश्ता करून आले, तेव्हा चेंडू होता तिथेच होता.

"मारतोयस ना रे?" काकांनी विचारलं.

"काका, कॉन्सन्ट्रेशन असतं यात."

शेवटी चेंडू हलला. पाहणीचं फलित असं की सुबोधला घाम आला होता, पण तो खुर्चीत बसलेल्या वॉचमनलाही आला होता, त्यामुळे तो मे महिन्याच्या खात्यावर टाकण्यात आला. इजा: नाही, इस्त्रीसुद्धा शाबूत. घरच्यांचा विरोध: सुबोधची बायको, यांच्या गोल्फमुळे चांगल्या लोकांत ऊठबस होते, म्हणून समाधानी होती. गोल्फ तिन्ही विषयांत नापास.

इथे थांबायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाला थांबवणं कोणत्याही समितीच्या अधिकारात नसतं.

"दे रे ती काठी इकडे," काका म्हणाले. "यात जोर लागतच नाय, तेच दाखवतो सगळ्यांना."

"काका, पाय जरा असे घ्या..."

"तू मला पाय शिकवतोस?"

काकांनी दांडपट्ट्याच्या आवेशात ती काठी फिरवली. चेंडू जागेवर राहिला. काकांचा वरचा अर्धा भाग भांडुप स्टेशनच्या दिशेने वळला आणि खालचा अर्धा मुलुंडकडेच राहिला. कमरेत जी चमक भरली तिने त्यांचा आवाजही बंद केला. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या (काका सावलीत उभे होते, त्यामुळे हा घाम मे महिन्याच्या खात्यावर टाकता येईना). चौघांनी धरून त्यांना उचललं. त्याच क्षणी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत काकांची बायको, रत्नप्रभाकाकू, अवतरल्या आणि दोन्ही इमारतींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "साठी झाली तरी खेळूक होया तुमका! आता कंबरेक तेल कोण चोळतला? मी? जळो मेला तो गोल्फ!"

घाम, उचलणं, शंख. अवघ्या मिनिटात गोल्फ पहिल्या वर्गात पास झाला.

काकांना मंडळाच्या सतरंजीवर आडवं केलं. अक्षता वाकून म्हणाली, "काका, खरं सांगा. आत्ता लागलंय, की जुनंच दुखणं आहे?"

जुनं आहे म्हटलं असतं तर गोल्फची इजा रद्द, गोल्फ नापास, चौकोन कबड्डीचा. सुबोधही खाली बसला आणि हळूच म्हणाला, "काका, जुनंच आहे म्हणा ना. कोणाला कळतंय?" गुरूविषयीचं त्याचं प्रेम खरं होतं.

पण चाळीच्या कबड्डीत एक रीत होती. तिथे पंच नसे, किंवा असलाच तर तो कोणाचा तरी मेहुणा असे. त्यामुळे चढाईवाल्याचा हात लागला की ज्याला लागला त्याने स्वतःच हात वर करायचा आणि मैदानाबाहेर जायचं. लागला नाही असं खोटं सांगणाऱ्याला पुढच्या डावात कोणी घेत नसे. काकांनी डोळे मिटले आणि हात वर केला.

"आत्ताच लागलंय," ते म्हणाले. "आऊट."

मागच्या इमारतीतले काही जण चिडले, पण बऱ्याच जणांना भरून आलं. सुबोधने एका हातातला मोजा काढून खिशात घातला.

मग न्यायाला धरून तेच निकष कबड्डीला लावण्यात आले. वीर मारुती क्रीडा मंडळाने गेल्या काही वर्षांत टी-शर्ट छापले, सत्यनारायण घातले आणि कबड्डीची लीग मोठ्या पडद्यावर एसी लावून पाहिली. घाम: एसी बंद पडला त्या दिवशी. उचलून नेणं: फक्त स्पीकर. घरच्यांचा विरोध विचारायला समिती दारोदार फिरली, तर बायकांनी एकमुखाने सांगितलं की हे मंडळात असतात तेवढा वेळ घरात शांतता असते, तेव्हा कबड्डी वाढवावी. काकांनी स्वतः मध्यरेषा शेवटची कधी ओलांडली होती, ते त्यांना आठवेना. ते संध्याकाळी खाली उतरून कठड्यावर बसत. आपण तिथे खेळत नाही, नुसते बसतो, हे त्या दिवशी सतरंजीवर पडल्या पडल्या त्यांना पहिल्यांदा कळलं, आणि ते कमरेपेक्षा जास्त लागलं.

कबड्डी हा खेळ नाही, असा निर्णय अध्यक्षांच्या सहीने जाहीर झाला.

चौकोनात आता गालिचा आहे. सुबोध दोन रविवार आला. मग त्याचे साहेब सायकलकडे वळले आणि सुबोधला सायकलची उपजत आवड निर्माण झाली. गालिचा झिजू नये म्हणून संस्थेने त्यावर पाय ठेवायला मनाई केली आहे. त्यामुळे हे मैदान आजही नव्यासारखं आहे आणि बाहेरून पाहुणे आले की त्यांना ते वरून दाखवतात.

निर्णयावर हरकत घ्यायची सोय अर्थातच आहे. सहदेवकाकांनी पट्टा बांधलेल्या कमरेने एकच अट घातली: हरकत घेणाऱ्याने आधी दोन्ही इमारतींना धावत एक फेरी मारावी, मग बोलावं. अजून एकही हरकत आलेली नाही; फेरीचं नाव काढलं की प्रत्येकाचा गुडघा दुखू लागतो. आपणही हे वाचता वाचता गोल्फ की कबड्डी, याचा निकाल मनाशी लावून टाकला असेलच, आणि तो समितीपेक्षा बरा असेल यात शंका नाही. तेव्हा जरूर या. फक्त येण्याआधी आपला कोणता गुडघा दुखतो ते घरूनच नक्की करून या. ऐन वेळी फार लोकांचा डाव्या-उजव्यात गोंधळ होतो.