धक्का न लावता

पौषात, मंगळवारी सकाळी, माझी बायको सुनंदा गेली. तेराव्याला शेजारचे आबा शिरधनकर आले, फडताळातली बियांची बाटली त्यांनी खिडकीकडे धरली आणि म्हणाले, "मास्तर, यातल्या किती मेल्यात ते धक्का न लावता सांगतो."

आबांचं सांत्वन असं असतं.

"धक्का न लावता" हे त्यांचं पालुपद. तीस वर्षं ते घाटावर बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते. निवृत्त होऊन रत्नागिरीत आले आणि पत्र्याच्या एका ट्रंकेला आतून काळा रंग देऊन तिच्यात निरनिराळ्या रंगांचे दिवे आणि एक कॅमेरा बसवला. बी आत ठेवायचं, एकेका रंगाच्या उजेडात फोटो काढायचा. त्यातला एक उजेड तर म्हणे आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. जिवंत बी आणि मेलेलं बी तो उजेड वेगवेगळा परत पाठवतात. लॅपटॉपवर जिवंत हिरवं येतं, मेलेलं लाल. कापायचं नाही, भिजवायचं नाही. तपासून झालं की तेच बी पेरता येतं.

बीला धक्का लागत नाही, हे खरं. माणसांची हमी आबांनी कधी दिलेली नाही.

माझ्या भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे गृहस्थ तळहातावरच्या अक्षता चष्म्याजवळ नेऊन म्हणाले, "पॉलिशचा तांदूळ. गर्भच नाही यात. मेलेल्या दाण्यांनी कसले आशीर्वाद देताय?" वरमाय शेजारीच होती. सावर्ड्याचा एक शेतकरी हौसेने घरचं भात दाखवायला घेऊन आला, त्याला "निम्मं गेलंय" असं सांगून यांनी त्याच दमात "चहात साखर किती?" विचारलं.

सुनंदा तेवढी त्यांना पुरून उरायची.

"आबा, एकदा तुम्हीच बसा त्या पेटीत. हिरवे येता का लाल, कळू दे आम्हाला."

"माझं कवच जाड आहे, वहिनी. उजेड आत पोचायचा नाही."

बाटलीत तवशाच्या अकरा बिया होत्या. तवसं म्हणजे आमच्याकडची पावसाळी, हातभर लांब काकडी. हा वाण सुनंदाच्या माहेरचा. दरसाल ती एक तवसं वेलावरच पिकू द्यायची आणि त्याच्या बिया राखेत चोळून ठेवायची. गेल्या पावसाळ्यात ती आजारी होती, मांडव घातला नाही. बिया त्याच्याही आधीच्या. माहेरी आता कोणी नाही, म्हणजे वाणही तेवढाच उरलेला.

मी बाटली आबांना दिली. का दिली, ते अजून कळत नाही. आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्यांचा बुटका गडगा आहे. संध्याकाळी त्याच्या पलीकडूनच त्यांनी निकाल सांगितला.

"अकराच्या अकरा लाल. मेलेल्या."

दूध नासलंय म्हणून सांगावं, तसं. ज्या माणसाने जन्मभर निकाल लिहिले, त्याला तो कुठे उभं राहून सांगावा एवढंही कळू नये! मी बाटली घेऊन आत गेलो आणि तीन महिने त्यांच्याशी बोललो नाही.

वैशाखात एका सकाळी ते दारात आले. चपला काढल्या, पण बसले नाहीत.

"चुकलो. ते जुने फोटो परत बघितले. पेटीने राख बघितली. बी बघितलंच नाही."

"आणि तुम्हाला राख दिसली नाही?"

"आमच्याकडे बी पाकिटातून स्वच्छ यायचं. राख लावून कोण पाठवतो सरकारला?" मग म्हणाले, "पुसून द्या. पुन्हा बघतो."

मी बाटली उघडली. राख सगळ्याच बियांवर होती, एकदोन बियांवर तर जाड बसली होती. सुनंदाच्या बोटांनी चोळलेली.

"पुसायची नाही," मी म्हणालो.

आबांनी वाद घातला नाही. हे मी प्रथमच पाहत होतो. जमिनीकडे बघत ते म्हणाले, "नोकरीत ही पेटी नव्हती. बी उभं कापायचं, औषधात ठेवायचं. गर्भाला रंग चढला की जिवंत. तसं लिहायचं आणि टाकून द्यायचं. तीस वर्षं जिवंत बिया कापून त्या जिवंत होत्या म्हणून दाखले दिले, मास्तर."

"मग यांचं काय करू?"

"पेरा. न तपासता पेरा."

पावसाआधी सुनंदा करवंट्यांत रोपं करायची. आम्ही तसंच केलं. अकरा करवंट्यांत माती भरून गडग्यावर ओळीने मांडल्या. राखेसकट एक बी दोन बोटांत धरून आबांनी विचारलं, "वहिनी कुठलं टोक वर ठेवायच्या?"

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी सगळ्या बिया आडव्या ठेवल्या.

चार उगवल्या. आठ-दहा दिवसांत उगवलं नाही ते बी संपलं, हे आबांनीच मला सांगितलं होतं. आज तीन आठवडे झाले. रोज सकाळी ते तांब्या घेऊन गडग्यापाशी येतात.

रोपं चार आहेत. पाणी ते अकराही करवंट्यांना घालतात.