गाडी जाग्यावर, बॅटरी गावभर

सायकलच्या कॅरियरला मोटारीची बॅटरी बांधून, स्वतः सायकलवर न बसता ती हातानं ढकलत नेणारा एक उंच गृहस्थ शिवाजी पेठेत दिसला, तर त्याला वाट द्या. बॅटरीखाली गोणपाटाची घडी असते. खड्डा आला की हा माणूस थांबतो आणि बॅटरीला म्हणतो, "दमानं, दमानं." हे आमचे रंगूतात्या. बॅटरी चार्जिंगला चालली आहे.

मोटार असलेल्या माणसाची बॅटरी उतरते, यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं हे आहे, की तात्यांची मोटार गेली कित्येक वर्षं गल्लीतून तसूभर हललेली नाही. गाडी जाग्यावर आणि बॅटरी गावभर, असा हा प्रकार आहे.

मी पत्रकं काढणारा माणूस आहे. नळाला पाणी का नाही, दारूचे गुत्ते कुणाच्या आशीर्वादानं चालतात, हुंडा घेणाऱ्यांच्या घरी जेवायला का जाऊ नये, यांवर मी पत्रकं काढली आहेत आणि ती स्वतः वाटली आहेत. तेव्हा कुणाचं कौतुक करायला मी लेखणी उचलत नाही. तात्यांचंही करणार नाही. एका कुटुंबाच्या मालकीचं वाहन धूळ खात उभं राहावं आणि पेठेतल्या आजारी माणसांनी टांगा शोधत हिंडावं, हे मला मान्य नाही, कधीही होणार नाही.

'धूळ खात' हे मात्र मी रागानं लिहिलं. गाडीवर धूळ नसते. जुनी, विलायती, गोल पाठीची, सायीच्या रंगाची ती गाडी तात्या रोज सकाळी पुसतात, चाकांत पंपानं हवा भरतात, आणि मग आत जाऊन बसतात ते जेवणापर्यंत. कारण गाडी चालत नसली, तरी आतलं सगळं चालतं. रेडिओ लागतो. टपाचा दिवा लागतो. बसगाडीत ड्रायव्हरसमोर असतो तसला छोटा पंखा फिरतो. समोरच्या फळीत सिगरेट पेटवायचं जे भोक असतं, त्यात तात्यांनी लाकडाची गुल्ली आणि वायरी खोचून आणखी एक कनेक्शन काढलं आहे. तात्या सिगरेट ओढत नाहीत, तंबाखू खातात.

आणि हे सगळं चावी न लावता. तात्यांना विचारलं, की ते एकच शब्द सांगतात. "डायरेक हाय."

त्याचं असं आहे. मोटारीत रेडिओ-पंख्याला वीज मिळते ती चावीच्या स्विचमधून. चावी काढली की सगळं मुकं होतं. इंजिन बंद असताना बॅटरी उगाच रिकामी होऊ नये म्हणून केलेली ती सोय. तात्यांनी कोपऱ्यावरच्या बाबालाल वायरमनला बोलावून चावीचा स्विच वगळून थेट बॅटरीपासून लाईन ओढायला सांगितली. बाबालालनं आधी समजावून पाहिलं. इंजिन फिरणार नाही, म्हणजे बॅटरी भरणार नाही, नुसती उतरत जाईल, आणि हे म्हणजे तळाला भोक असलेल्या घागरीत पाणी भरण्यासारखं आहे, असं तो म्हणाला. तात्या म्हणाले, "भरीन की. मला दुसरं काम काय हाय?"

तेव्हापासून डायरेक हा तात्यांचा मंत्र झाला. भाजीवालीशी घासाघीस नको, डायरेक भाव सांग. कुणाला पोरीचं लग्न ठरवायचंय, मध्ये मध्यस्थ कशाला, डायरेक पोरालाच इचार. माझ्या पत्रकांबद्दलही त्यांचा हाच अभिप्राय होता. "लई वळणं घेतोयस गड्या. शिवी द्यायची असंल तर डायरेक दे."

आता गंमत ऐका. इतका डायरेक माणूस आपल्या सख्ख्या थोरल्या भावाशी एक शब्द डायरेक बोलत नाही. आबा त्याच घराच्या दुसऱ्या भागात, माडीवर राहतात. त्यांची खिडकी गाडीच्या टपावर उघडते. तात्यांना आबांना काही सांगायचं असलं, तर ते गाडीला सांगतात. "गाडे, आज गुळाचा भाव पडलाय म्हणं." वर खिडकीत आबा वैनींना सांगतात, म्हणजे त्यांच्या बायकोला, "अगं, पडायचाच. पावसात भिजवून आणत्यात." वैनी दोन्हीकडचं ऐकून घेतात आणि भाकरी थापतात. दुपारचं ताट त्याच खाली आणून देतात. तात्यांची बायको लग्नानंतर लवकरच गेली, मूलबाळ नाही.

चावी आबांकडे आहे. सगळं रामायण एवढंच आहे, आणि ते गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

वडिलांची गुळाची अडत होती, ती दोघे भाऊ चालवत. गाडी दोघांनी मिळून घेतली. तात्या चालवायला शिकले, आबा शिकले नाहीत. पण थोरलेपण सोडायचं कसं? म्हणून चावी आबांच्या बंडीच्या खिशात. आबा शेजारी बसणार, स्वतःच्या हातानं चावी लावणार, "चल" म्हणणार, मग तात्या ती फिरवणार. उतरताना आबा चावी काढून खिशात टाकणार. अशी किती वर्षं गेली कुणास ठाऊक, दोघांनाही त्यात वावगं काही वाटलं नाही.

पुढे भांडण झालं. कशावरून, ते गल्लीत दहा जणांना विचाराल तर दहा कारणं कळतील. पंच बसले. अडत आबांना गेली, रान निम्मं निम्मं झालं, घरात मधोमध भिंत आली. घंगाळं, पाटे-वरवंटे, बैलाच्या झुलीसुद्धा वाटून झाल्या. गाडी चालवता येते म्हणून तात्यांना मिळाली. चहा झाला, आबा उठले आणि आपल्या दारानं आत गेले. चावी बंडीच्या खिशात होती, नेहमीसारखी. पंचांच्या ध्यानात आलं नाही, आबांच्या नाही, तात्यांच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या गाडीत बसले तेव्हा डोक्यात उजेड पडला. पण आता मागायची कशी? तात्या म्हणाले, "न्हेली त्यानं, आणून बी त्यानंच द्यावी. खाली यावं, हातात ठेवावी." आबांना वैनींनी विचारलं, तर ते म्हणाले, "माझ्या खिशातली वस्तू कुणाला पायजे असंल, तर त्येला तोंड हाय की."

या दोन वाक्यांच्या मध्ये ती गाडी उभी आहे.

मला राग येतो तो इथं. पेठेत पाण्यासाठी आमची मोहीम सुरू झाली, तेव्हा मी तात्यांकडे गाडी मागायला गेलो. कर्णा टपावर बांधून सगळ्या पेठा फिरायच्या, असा बेत होता. तात्या म्हणाले, घे की, कर्ण्याला कनेक्शन हाय, डायरेक. मी म्हटलं, तात्या, मला गाडी फिरवायची आहे. कुलूपवाल्याला बोलावतो, तासाभरात दुसरी चावी करून देईल. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरात कुणी जिवंत असताना त्याच्या तेराव्याची तयारी विचारली होती.

"चावी हाय की," ते म्हणाले.

"कुठं?"

त्यांनी हनुवटी वर खिडकीकडे केली आणि रेडिओ लावला.

शेवटी आमची मोहीम तात्यांच्या गाडीभोवतीच झाली. गाडीच्या भोकातून कर्ण्याला वीज मिळे, मी टपाला टेकून भाषण करी. गल्लीनं तेच भाषण इतक्या वेळा ऐकलं, की मी श्वास घ्यायला थांबलो तर समोरच्या कट्ट्यावरचे म्हातारे पुढचं वाक्य पुरं करीत. बाकीच्या पेठांना मात्र आमच्या पाण्याचा पत्ता नव्हता. एकदा संतापून मी पत्रकच काढलं. मालकीच्या हट्टापायी माणसं कशी कुजतात, यावर. त्यात या दोन भावांचं उदाहरण दिलं, नावं न घालता, पण पेठेत नावं लागत नाहीत. आबांना मी 'गंजलेल्या तिजोरीचा गंजलेला पहारेकरी' म्हटलं होतं, तात्यांना 'जिवंत माणसाचा पुतळा'.

तात्यांनी पत्रक गाडीत बसून दोनदा वाचलं. मग मला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता डायरेक कार्यक्रम होतो.

"माझं बराबर लिवलंयस," ते म्हणाले. "पर आबाचं ते गंजलेलं काढ. दमा हाय त्येला. वाचलं तर जिवाला लावून घील."

मी काढलं नाही. छापून झालं होतं. तात्यांनी उरलेला सगळा गठ्ठा मागून घेतला आणि गाडीच्या डिकीत टाकला. मी पुष्कळ आरडाओरडा केला. तात्या म्हणाले, डिकी बी डायरेक हाय, पायजे तर काढून घे. वर खिडकीत आबा उभे होते, तेव्हा मला काढता आलं नाही.

त्या उन्हाळ्यात वीजकपात फार होती. ऐन दुपारी लाईट जायची, ती उन्हं कलल्यावर यायची. आबांचा दमा वाढला होता. माडीवर पत्रा, खाली फरशी तापलेली, पंखा बंद. त्यांच्या धापेचा आवाज खिडकीतून गाडीत ऐकू यायचा. तात्यांनी रेडिओ बारीक केला. मग बंदच केला.

दुसऱ्या दिवशी बाबालाल लांब वायर घेऊन आला. गाडीतला छोटा पंखा सोडवला, वैनींनी खिडकीतून दोरी सोडली, पंखा वर गेला आणि गाडीच्या भोकातून निघालेली वायर भिंतीवरून माडीत गेली. वैनींनी पंखा उशाशी ठेवला. आबांनी डोळे मिटूनच विचारलं, लाईट आली व्हय? वैनी म्हणाल्या, आली. शेजारची पिठाची गिरणी बंद होती, तिचा पट्टा फिरत नव्हता. लाईट नाही हे बहिऱ्यालाही कळलं असतं. आबांनी तोंड वाऱ्याकडे वळवलं. त्यांना झोप लागली.

हे वैनींनीच मला नंतर सांगितलं, आणि कुठं छापायचं नाही अशी शपथ घातली. शपथांवर माझा विश्वास नाही.

पंखा दुपारभर चालायचा, म्हणजे बॅटरी रोज उतरायची. तात्या आता रोज तिला सायकलवर घालून न्यायचे, उन्हं कलायला लागली की, तापलेल्या रस्त्यानं, डोक्याला पटका गुंडाळून. ते खिडकीतून दिसायचं. आबांना बसता येऊ लागलं तेव्हा ते खिडकीतच बसायचे, आणि तात्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत त्यांची मान तिकडेच असायची.

मग एका दुपारी लाईट गेली आणि आबा जिना उतरले. भिंतीला धरून, थांबत थांबत. "वर उकडतंय," असं त्यांनी मागं वैनींना मोठ्यानं सांगितलं, गल्लीला ऐकू जाईल असं. डाव्या बाजूचं दार उघडलं आणि आपल्या जुन्या जागी बसले. तात्या आत स्टिअरिंगच्या चाकापाशी बसलेले होते. वैनींनी मागोमाग पंखा दोरीनं खाली सोडला, तो तात्यांनी पुन्हा समोरच्या फळीवर लावला. त्यांनी रेडिओची खुंटी फिरवली. नाट्यगीत लागलं होतं. दोघेही समोरच्या काचेतून गल्लीकडे पाहत राहिले, जणू रस्ता मागं पडतो आहे.

मी कट्ट्यावर होतो. आता चावी निघणार. आबांच्या बंडीच्या खिशात ती वाजत होती, मला स्वच्छ ऐकू आली. एक गाणं झालं, दुसरं झालं, बातम्या झाल्या. आबा उतरले आणि वर गेले.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. लाईट असली तरी यायला लागले. चावी खिशात, तात्यांचे हात चाकावर. माझ्यासारख्या माणसाला हे सोसण्यासारखं नव्हतं. तात्या बॅटरी घेऊन निघाले तसा मी सायकलला हात लावून चालू लागलो आणि त्यांना चांगलं झाडलं. माणूस शेजारी येऊन बसतो, चावी हातभर अंतरावर आहे, तुमचं तोंड शिवलं आहे काय? एक शब्द टाका, गाडी चालू होईल, तुमचं वर्षानुवर्षांचं दुखणं संपेल, पेठेची सोय होईल.

तात्या खड्डा चुकवून थोडे पुढे गेले.

"चालू झाली तर कुठंतरी जावं लागंल," ते म्हणाले. "गेलं की पोचाय लागतंय. पोचलं की उतरंल त्यो." सायकल थांबवून त्यांनी बॅटरीची दोरी आवळली. "मागितली तर दील की रं. दिऊन मोकळा हुईल. मग उद्या कशाला यील?"

एरवी अशा वेळी मी घोषणा देतो. त्या दिवशी सायकलवरचा हात काढला. मी परत गल्लीत आलो.

आबा गाडीतच होते. पंखा थांबलेला, रेडिओ मुका, बॉनेट उघडं आणि बॅटरीच्या जागी नुसत्या दोन वायरी लोंबत होत्या. ऊन काचेतून सरळ आत येत होतं. मी म्हटलं, आबा, वर चला, हात देतो. इथं आता वारं नाही, काही नाही.

"तू जा," ते म्हणाले. "धाकटा येस्तवर गाडीत कुणीतरी पायजे का नको?"

मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, आणि शेजारची ड्रायव्हरची सीट उन्हानं तापू नये म्हणून तिच्यावर नीट पसरून टाकला.