बासष्ट अंशांची झोप

लोकशाहीत लोकांना विचारल्याशिवाय कोणताही निर्णय घेता येत नाही. आणि विचारण्यात फार वेळ जातो, म्हणून निर्णय आधीच घेऊन ठेवावा लागतो. या दूरदृष्टीला जनसुनावणी म्हणतात. भिवंडीत बाग क्रमांक तीनसाठी 'उद्यान संवर्धन नियमावली'चा मसुदा निघाला आणि त्यावर उद्यान समितीने सुनावणी ठेवली, तेव्हा ही दूरदृष्टी आम्ही चौथ्या रांगेतून पाहिली.

आधी बागेची माहिती. क्षेत्रफळ पाऊण एकर. झाडं एकोणीस, सूचनाफलक चौतीस (म्हणजे दर झाडामागे पावणेदोन फलक). बाकं सहा, त्यांतल्या पाचांवर देणगीदाराचं नाव शाबूत आहे आणि दोनांवर बसायला फळीसुद्धा आहे. कारंजं आहे. पाणी सोडून त्यात बाकी सगळं आहे. आणि कोपऱ्यात एक जुना शिरीष आहे, ज्याच्या सावलीत सकाळी आठनंतर रातपाळीचे लूम कामगार येऊन झोपतात.

मसुद्याची नोटीस फाटकावर लावली होती. नियम नऊप्रमाणे फाटकावर कागद चिकटवायला बंदी आहे, म्हणून वॉचमनने ती संध्याकाळच्या आत फाडली. नियमांची एवढी तातडीची अंमलबजावणी या शहराने क्वचितच पाहिली असेल.

पण खरा नियम चौदावा. 'उद्यानात आडवे होण्यास सक्त मनाई.' कारण शास्त्रीय आहे. एक माणूस गवतावर चार तास झोपला तर एका माणसाएवढं गवत चार तास उन्हाला मुकतं. (गवत अजून लावलेलं नाही. पण लावल्यावर मुकेल.) आडवे होणे म्हणजे नेमकं काय, हेही समितीने मोघम ठेवलेलं नाही. पाठीचा जमिनीशी कोन पंचेचाळीस अंशांपेक्षा कमी झाला की माणूस आडवा समजावा. त्यासाठी वॉचमनला लाकडी कोनमापक दिलेला आहे, शाळेत फळ्यावर वापरतात तसला. घसरगुंडीवरच्या मुलांना सहा सेकंदांची सवलत. चक्कर येऊन पडलेल्या व्यक्तीने शुद्धीवर आल्यापासून तीन दिवसांत लेखी खुलासा करायचा.

या नियमावर सगळ्या शहरातून एकच हरकत आली. अफजलची.

अफजल लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवतो. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, बारा-बारा तास. घर म्हणजे एक खोली. तिच्यात बायको नाजनीन, आई, तीन पोरं आणि नाजनीनची शिलाई मशीन. रातपाळीच्या आठवड्यात तो सकाळी आठला सुटतो, चहा पितो आणि शिरीषाखाली चार तास पडतो. त्याच्या झोपेला दुसरा पत्ताच नाही. हा पत्ता गेला तर फिरत्या यंत्रासमोर बारा तास डोळे उघडे कसे ठेवायचे, एवढंच त्याला विचारायचं होतं. एका ओळीत मावलं असतं. पण हरकत तीन प्रतींत द्यायची होती, त्यामुळे त्रास तिप्पट झाला.

सुनावणी सकाळी अकराला होती, म्हणजे दीडला सुरू झाली. अध्यक्ष वृक्षारोपणाला गेले होते (रोप नवीन होतं, खड्डा गेल्या वर्षीचाच). अफजल रातपाळी करून न झोपताच आलेला. साडेअकरापर्यंत तो डोळे ताणून बसला. पावणेबाराला त्याची मान खुर्चीच्या पाठीवर टेकली.

आधी प्रभात हास्य मंडळाचे भरतभाई बोलले. "साहेब, आम्ही सकाळी बागेत हसायला जातो. आजूबाजूला माणसं अशी पडलेली असली की हसू येत नाही. ओढून आणावं लागतं."

"आन तुमी हसलात की आमचा माणूस दचकून उठतो, त्याचं काय?" मागून नाजनीन म्हणाली.

"बाई, नंबर आल्यावर बोला," लेखनिक विपुल म्हणाला, आणि त्याने लगेच नंबर पुकारला. "हरकतदार अफजल!"

अफजल घोरत होता.

"उठवा त्यांना."

"नको ओ, आत्ता कुठं डोळा लागलाय. मी बोलते ना." नाजनीन उभी राहिली. "साहेब, मशीन बंद केली तर हे घरात झोपतील. पन मग खायाचं काय?"

"मग दिवसपाळीच घ्या की कायमची," अध्यक्ष म्हणाले.

"पाळी शेठ देतो साहेब, आमी घेत न्हाय. तुमी शेठला सांगता का? सांगत असाल तर मी आत्ता अंगठा देते. सही येते मला, तरी अंगठा देते."

अध्यक्षांनी ऐकून घेतलं. ऐकून घेणे ही सुनावणीतली सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि ती इथे तब्बल दीड मिनिट पाळली गेली. मग त्यांची नजर अफजलवर गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी वॉचमनला खूण केली. वॉचमन आला, अफजलच्या पाठीमागे कोनमापक धरला, एक डोळा मिटला.

"बासष्ट, साहेब."

विपुलने इतिवृत्तात लिहिलं ते जसंच्या तसं देतो: 'हरकतदार सुनावणी सुरू झाल्यापासून बासष्ट अंशांच्या कोनात गाढ झोपलेले समितीने प्रत्यक्ष पाहिले. सबब, झोपेसाठी आडवे होणे आवश्यक नाही, हे हरकतदाराने स्वतःच सिद्ध केले आहे. हरकत निकाली.' साक्षीदार म्हणून भरतभाईंनी सही केली. हसू या वेळी ओढून आणावं लागलं नाही.

(आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतः घेऊन येणारे नागरिक दुर्मीळ होत चाललेत. अफजलच्या आभाराचा ठराव मांडायला हवा होता. राहून गेलं.)

तीन वाजता हॉलला कुलूप लावायचं म्हणून त्याला उठवलं. लूमवाल्यांचा आवाज जरा वरच असतो. खडखडाटात तसंच बोलावं लागतं. तो ओरडूनच म्हणाला, "माझा नंबर आला काय?"

"आला आन गेला पन. तुमाला बसून झोपता येतं, असा कागद झालाय. चला."

"बसून? मान मोडली माझी!"

"ते सांगायला तुमी जागं पायजे होतात."

नियम लागू झाला. शिरीषाखाली आता फलक झोपतो. वाऱ्याने पडलाय, आणि फलकांना नियम चौदा लागू नाही.

त्याच आठवड्यात अफजलच्या लूमवर कापडातला एक उभा धागा तुटला. जागा माणूस असा धागा पाहतो, लूम थांबवतो, गाठ मारतो, पुढे चालू. अफजल उभ्या उभ्या डोळे मिटून होता (कोन नव्वद अंश, नियमात बसतो). चाळीस मीटर कापड त्या एका धाग्याशिवायच विणलं गेलं. पुढे ते रंगाईला गेलं, त्यावर जांभळी फुलं छापली आणि त्याचे उशीचे अभ्रे शिवले.

हे तुम्ही बहुतेक आडवे पडून वाचत असाल. पडा, तुम्हाला कोण मोजतंय? फक्त उशीचा अभ्रा एकदा दिव्यासमोर धरून बघा. फुलांमधून केसाएवढी रिकामी रेघ सरळ खाली गेलेली दिसली, तर ती अफजलची हरकत आहे. आता सुनावणी तुमच्यापुढे आहे. निकाल काय लागणार तेही आम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही उशी उलटी कराल आणि झोपाल.